पोट बघ, डोळे बघू नकोस

चिऊ, तू पी पफर आणायचं ठरवलंयस म्हणे. ताईचा फोन आला होता, "तुझ्या भाचीला आता किडे खाणारा मासा हवाय!" मासा जेमतेम इंचभर, पण नखरे वरमाईचे. केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या गोड्या पाण्याचा हा रहिवासी, म्हणजे आपल्याच पश्चिम घाटातला. मामा सांगतो तेवढं ऐक, उरलेलं तो मासाच शिकवेल.

१. टाकी आणल्याबरोबर मासा आणू नकोस. महिनाभर फिल्टर चालू ठेवून रोज चिमूटभर खाद्य टाकत जा — घाण पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला एवढा वेळ लागतो. आधी पाणी मुरू दे, मग मासा फिरू दे.

२. टेस्ट किट घे आणि अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य दिसेपर्यंत दुकानाची पायरी चढू नकोस — या माशाला खवले नसतात, बिघडलेलं पाणी त्याला लगेच बाधतं.

३. "यात मीठ टाका" असं दुकानदार म्हणाला तर हसून मान डोलव आणि टाकू नकोस — मीठ लागतं ते खाडीत राहणाऱ्या हिरव्या ठिपक्यांच्या पफरला, आपला हा गोड्या पाण्यातलाच.

४. एकट्याला वीस लिटर, तिघांना पन्नास, आणि भरपूर वनस्पती — एकमेकांच्या नजरेआड होता आलं की भांडणं अर्ध्यावर येतात.

५. तीन आणलेस तर नर एकच असू दे — पोटाखाली काळी रेघ आणि डोळ्यामागे सुरकुत्या दिसल्या की तो नर, आणि दोन नर एका टाकीत म्हणजे रोजची कोर्टकचेरी. पिल्लं लहान असताना हे कळत नाही, म्हणून जरा वाढलेलेच निवड.

६. गप्पी सोबतीला ठेवायचा विचार सोड — त्यांच्या झुळझुळीत शेपट्या हा कुरतडून ठेवतो.

आता जेवण. सगळे घोटाळे इथेच होतात, म्हणून जरा सावकाश वाच.

७. माशाच्या जेवणासाठी कोरडं खाद्य वापरूच नकोस — वळवळणारं किंवा मांसाचं काही असेल तरच हा तोंड उघडतो. बाकीचं तळाशी जातं, आणि उरलं ते कुजलं, कुजलं ते भोवलं.

८. गोठवलेल्या ब्लडवर्मची वडी वाटीत, टाकीतलंच पाणी घेऊन विरघळव, लाल पाणी ओतून दे आणि किडे चिमट्याने घाल — ते लाल पाणी म्हणजे टाकीत ओतलेली घाण.

९. त्या वड्या घट्ट झाकणाच्या डब्यात, वर ठळक नाव लिहून फ्रीझरच्या तळाशी ठेव — ताईने मटार म्हणून तो डबा उघडला तर तुला आणि माशाला, दोघांनाही घर सोडावं लागेल.

१०. रोज ब्लडवर्मच नको. मधूनमधून आर्टेमिया आणि डॅफ्निया दे — एकाच खाण्याने पोषण अपुरं पडतं.

११. दुकानातले जिवंत ट्युबिफेक्स टाळ — ते बहुधा गटाराच्या कडेचे असतात आणि रोग सोबत आणतात.

१२. आठवड्याला दोन-तीन छोट्या गोगलगायी दे — पफरचे दात आयुष्यभर वाढतात, शंखावर झिजले तर बरे. मालवणच्या कोळ्यांना विचार, त्यांची जाळी फाडणारा केंड याच घराण्यातला.

१३. गोगलगायी ओढ्यातून उचलू नकोस, एका बरणीत रॅम्सहॉर्न घरीच वाढव — बाहेरच्या शंखातून परजीवी येतात. लांबट, टणक शंखाच्या ट्रम्पेट मात्र नकोत, त्यांच्यावर दात तुटू शकतो.

१४. दिवसातून एकदा खायला घाल, पोट किंचित गोल झालं की थांब — तू काचेजवळ गेलीस की तो दोन डोळे दोन दिशांना फिरवत नाचेल, जेवून पाच मिनिटं झाली असली तरी. डोळ्यांनी मागितलं की पोटाला विचारावं.

१५. आठवड्यात एक दिवस उपास — त्याला काही होत नाही, पाण्याला मात्र आराम मिळतो.

१६. आणल्यापासून पोट खपाटीला आणि विष्ठा पांढरी, दोऱ्यासारखी असेल तर ती भूक नव्हे, जंत समज — हे मासे बहुतेक नदीतून पकडलेले असतात. औषध मात्र जाणकाराला विचारूनच. तांब्याची औषधं याला सोसत नाहीत.

१७. दर रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदल, नव्या पाण्यात अँटी-क्लोरीनचे थेंब घालून — आणि फिल्टरचा स्पंज काढलेल्या पाण्यातच पिळ, नळाखाली धुतलास तर महिनाभराची जिवाणूंची वस्ती वाहून जाईल.

१८. पाणी २५ ते २८ अंशांत ठेव, पुण्याच्या डिसेंबरात हीटर लाव — गारठला की हा खाणं सोडतो.

१९. टाकीच्या खोलीत धूप आणि डासांची कॉइल नको — एअर पंप तो धूर ओढून थेट पाण्यात सोडतो.

२०. हलवायचा झाला तर पाण्याखालीच वाटीत घे, जाळीने उपसू नकोस — घाबरून तो फुगला आणि पोटात हवा भरली, तर ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मैत्रिणींना दाखवायला म्हणून तर मुळीच फुगवायचा नाही; तो खेळ नाही, त्याची भीती आहे.

आणखी एक. या जातीचं नाव धोक्यातल्या प्राण्यांच्या लाल यादीत आहे, तेव्हा दुकानात आधी टाकीत जन्मलेले मासे आहेत का ते विचार. थोडे महाग पडले तरी तेच घे. आणि नीट सांभाळला तर हा चार-पाच वर्षं जगतो. तू हॉस्टेलला गेलीस की त्याला कोण खायला घालणार, ते आजच ताईशी बोलून ठेव.