डिशचे चित्र अडकते तेव्हा

डहाणू-तलासरीकडे चित्र अडकू लागले की लोक आधी बॉक्स बदलतात. आम्हीही एकदा बदलला. पैसे गेले, चित्र होते तसेच. दोष गच्चीवरच्या गंजलेल्या पिनेत होता. खाऱ्या हवेत पिना लवकर गंजतात, म्हणून तपास तिथूनच सुरू करावा. बॉक्सची वीज बंद करून वायरचे टोक पाहावे. तांबे काळे पडले असेल तर तेवढा तुकडा कापून नवी पिन बसवावी, वर रबरी टोपण घालावे. एलएनबीखाली वायर थोडी लोंबती ठेवावी, म्हणजे पावसाचे पाणी पिनेत न शिरता खाली ठिबकते.

काही चॅनेल दिसतात, काही नाहीत? बॉक्सकडून एलएनबीला 13 किंवा 18 व्होल्ट जातात. सांधा खराब असला की 18 पुरते पोहोचत नाहीत आणि त्यावरचे चॅनेल तेवढे गायब होतात.

फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेस, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेस, सुमारे 57 अंश उंचीवर. डिशजवळचे चिकूचे झाड वाढून आड आले तर फांदी छाटा, नाहीतर डिश हलवा. खांब डुलत असेल तर आधी तो पक्का करावा, मग डिश बोटभर फिरवून सिग्नलचा पट्टा पाहावा. मुसळधार पावसात गेलेले चित्र पाऊस ओसरला की परत येते. तेव्हा गच्चीवर चढू नये.