रात्री साडेदहाचं ‘तात्काळ’

झोप लागत नाही म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या शिक्षकांना, ग्रामसेवकांना, आशाताईंना चहा किती घेता हे मी हल्ली नंतर विचारतो. आधी विचारतो, व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप किती? केंद्राचा, तालुक्याचा, जिल्ह्याचा, शिवाय भावकीचा. रात्री साडेदहाला ‘माहिती तात्काळ सादर करावी’ असा मेसेज पडतो आणि खाली अंगठ्यांची रांग लागते. आपला अंगठा दिसला नाही तर साहेबांच्या लक्षात राहील, ही धास्ती. मग फोन उशाशी आणि एक कान त्याच्याकडे.

पडद्याच्या निळ्या उजेडाबद्दल बरंच बोललं जातं. माझं मत विचाराल तर माणसाला जागं ठेवतो तो मजकूर. साहेबांचा टोमणा किंवा बांधाच्या वादावरचा पुतण्याचा मेसेज अकराला वाचला, की छाती धडधडते आणि डोकं उत्तर जुळवत बसतं. अशा वेळी झोपेची गोळी मागू नका.

तपासणीच्या खोलीतही तेच. दंडाला पट्टा बांधलाय, हवा भरतेय, तेवढ्यात खिशातला फोन वाजतो. “दवाखान्यात हाय, बोल पटकन,” म्हणत मानवतच्या बाजारातला कापसाचा भाव विचारून होतो. बोलताना मोजलेला रक्तदाब दहा-पंधरा अंकांनीही जास्त येऊ शकतो. त्या आकड्यावर मी औषध वाढवायचं का? पाच मिनिटं शांत बसा, फोन सोबतच्या माणसाकडे द्या, मग मोजू.

कार्यालयांसाठी फोनचे नियम नाहीत असं नाही. राज्याच्या सामान्य प्रशासन विभागाने जुलै 2021 मध्ये परिपत्रक काढलं: शक्यतो दूरध्वनी वापरा, मोबाईलवर हळू बोला, वाद घालू नका, खासगी कॉल खोलीबाहेर जाऊन घ्या. उत्तम. पण त्यातच लोकप्रतिनिधींचे आणि वरिष्ठांचे फोन विनाविलंब घ्या असंही होतं. खालच्या माणसाच्या झोपेला त्रास होतो तो नेमका इथेच. म्हणून हा सल्ला साहेबांसाठी: उद्या चालणारं काम उद्या सकाळी टाका, आणि खरंच तातडीचं असेल तर सरळ फोन करा. एवढं ठरलं की रात्रीचा मेसेज सकाळपर्यंत थांबू शकतो, हे सगळ्यांना कळतं.

एकट्याने फोन बाजूला ठेवणं टिकत नाही, कारण समोरचा उत्तराची वाट पाहत असतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने हे ओळखलं. ऑगस्ट 2022 मध्ये गावाने ठरवलं, संध्याकाळी 7 वाजता भोंगा वाजला की साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाईल बंद. पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनीही फोन ठेवायचा. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आम्हा परभणीकरांना एवढं जड जाऊ नये. अख्खं गाव नाही तर निदान एक घर तरी, जेवणाच्या वेळेपुरतं.

लहान लेकरांच्या बाबतीत मात्र मी सवलत देत नाही. ‘मोबाईल दाखवल्याशिवाय घास उतरत नाही’ ही तक्रार सेलू, पाथरीकडूनही येते. पडद्यात गुंतलेल्या लेकराला पोट भरल्याचं कळत नाही, आणि जेवू घालणारी आजी त्याच्याशी बोलतही नाही. बालरोगतज्ज्ञांच्या भारतीय संघटनेचा सल्ला स्पष्ट आहे: दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास. परगावच्या मामाचा व्हिडिओ कॉल चालेल.

“पण डॉक्टर, म्हातारी आई गावाकडे असते, फोन बंद कसा ठेवू?” बंद ठेवूच नका. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि निवडक माणसांचे कॉल वाजू द्या. एकाच नंबरवरून थोड्या वेळात दुसऱ्यांदा कॉल आला तर तो वाजावा, अशीही सोय बहुतेक फोनमध्ये असते. विजांच्या, पावसाच्या इशाऱ्याचे मेसेज शेतकऱ्याने जरूर चालू ठेवावेत. ग्रुप तेवढे मूक करा.

इतकं करूनही दोन-तीन आठवडे झोप येत नसेल, फोन दूर होताच चिडचिड होत असेल, पोरगं गेमपायी जेवण-शाळा सोडत असेल, तर दाखवायला या. 14416 या टेलिमानस हेल्पलाईनवर मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

आणि माझ्या फोनबद्दल. रिपोर्टचे फोटो रात्री पाठवले तरी मी ते सकाळीच बघतो. छातीत दुखत असेल, दम लागत असेल तर मेसेज टाकून दोन निळ्या खुणांची वाट पाहू नका, 108 लावा.