अपत्य प्रोसेस : निर्मिती आणि जबाबदारी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. संगणकाच्या तासाला मागच्या बाकावर बसलो, ते विद्यार्थ्यांच्या आग्रहावरून. फळ्यावर 'पालक' आणि 'अपत्य' हे शब्द दिसले आणि आमचे कुतूहल जागे झाले.

१९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी युनिक्स प्रणाली उभारण्यास आरंभ केला. पुढे रिची यांनी सी भाषा घडविली. या प्रणालीत चालू स्थितीतील प्रोग्रॅमला प्रोसेस म्हणतात. तिने 'फोर्क' हे फंक्शन वापरले की तिची प्रत निर्माण होते. तीच अपत्य प्रोसेस. फोर्क एकदाच बोलावले जाते, परंतु उत्तर दोघांना मिळते : अपत्याला शून्य, पालकाला अपत्याचा क्रमांक. निर्मिती फसल्यास पालकाला उणे एक मिळते. या उत्तरावरूनच कोणी कोणते काम करावयाचे हे ठरते.

एका विद्यार्थ्याला तीन अपत्ये हवी होती. त्याने तीन फेऱ्यांच्या लूपमध्ये फोर्क लिहिले आणि लूपनंतर एक ओळ छापण्यास सांगितले. पडद्यावर ओळी उमटल्या आठ! अपत्येही लूपमध्ये पुढे चालत राहिली होती. एकाचे दोन, दोनाचे चार, चारांचे आठ झाले. अपत्याने आपले काम संपताच 'एक्झिट'ने बाहेर पडावे, ही सूचना लिहावयाची राहिली होती.

दुसरा धडा अधिक मोलाचा. अपत्य संपताना आपला निकाल मागे ठेवते. यशाचा संकेत शून्य. पालक 'वेट' म्हणून तो स्वीकारीपर्यंत त्याची नोंद पुसली जात नाही. अशा संपलेल्या, पण न विचारलेल्या प्रोसेसला 'झोंबी' म्हणतात. अखंड चालणाऱ्या सर्व्हरवर अशा नोंदी साचत गेल्या, तर नव्या प्रोसेसला क्रमांकच उरत नाही. शिवाय पालक आणि अपत्य यांपैकी आधी कोण धावेल याची हमी नसते. म्हणून अपत्ये तीन, तर वेटही तीनदा. पालकच आधी संपला, तर पोरक्या अपत्याला सामान्यतः एक क्रमांकाची प्रोसेस सांभाळते.

विद्यार्थ्याने चूक स्वतः शोधली, दुरुस्त केली. अपत्यांच्या तीन ओळी आल्या आणि सर्वांत शेवटी पालकाची. निर्माण करणे एका ओळीचे काम आहे. शेवटच्या अपत्याचा निकाल हाती येईपर्यंत थांबणे, हे पालकाचे खरे काम. निवासी शाळेत वाढलेल्यांना आणि मुलांना येथे सोडून गेलेल्या पालकांना हे वेगळे सांगावयास नको.