प्रगतिपत्रक कोणासाठी?

प्रत्येक सत्राच्या अखेरीस मुलाच्या हातून प्रगतिपत्रक घरी जाते. पालक सही करतात. ज्यांना अक्षरओळख नाही ते अंगठा उमटवतात आणि कागद शाळेत परत येतो. सही झाली म्हणजे निरोप पोहोचला, असे आपण धरून चालतो. परंतु ‘ब-२’ या श्रेणीचा अर्थ त्या माउलीला कळला काय? आपल्या मुलाला धडा अडखळत का होईना वाचता येतो, की तो नुसता पुढच्या वर्गात ढकलला गेला आहे, हे तिला समजले काय? शाळेने समाजाला हिशेब कसा द्यावा, याचा विचार येथे करावयाचा आहे.

हा हिशेब चारचौघांत देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळांच्या परीक्षा लोकांसमक्ष होत आणि त्या पाहण्यास मोठा समुदाय जमे. त्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शाळेने काय शिकवले, याचे उत्तर विद्यार्थिनीनेच स्वतःच्या शब्दांत दिले होते.

आज या परंपरेला कायद्याचा आधार आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २४ नुसार शिक्षकाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती, शिकण्याची क्षमता व प्रगती त्यांना सांगणे हे त्याचे कर्तव्य आहे. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती असावी, तिचे किमान तीन-चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कलम २१ सांगते. म्हणजे पालक हा केवळ सही करणारा नाही. त्याला विचारण्याचा अधिकार आहे.

मोजमापाची साधनेही आज अनेक आहेत. मात्र प्रत्येकाची मर्यादा ओळखली पाहिजे. यू-डायस नोंदीत प्रत्येक शाळेला अकरा अंकी क्रमांक असतो. पटसंख्या, शिक्षक, खोल्या, पाणी, शौचालये यांची माहिती त्यातून मिळते, पण मुलाला भागाकार येतो की नाही हे कळत नाही. ४ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या परख राष्ट्रीय सर्वेक्षणात तिसरी, सहावी व नववीची निवडक मुले तपासली गेली. त्यावरून जिल्ह्याचे चित्र दिसते, एकेका शाळेचे नाही. ‘असर’चे कार्यकर्ते २००५ पासून खेड्यांतील घरोघरी जाऊन मुलांना उतारा वाचावयास देतात. ही तपासणी साधी आहे आणि आईवडिलांच्या डोळ्यांसमोर होते, हेच तिचे बळ.

सरासरीपासून आपण विशेष सावध असावे. १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आलेल्या आपल्या पालघर जिल्ह्यात आठ तालुके आहेत. वसई-विरारची शहरी वस्ती आणि जव्हार-मोखाड्याचे डोंगरपाडे यांचा एकच आकडा काढला, तर तो दोघांविषयीही खरे सांगत नाही. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत परप्रांतीय कामगारांची मुले वेगळी मातृभाषा घेऊन वर्गात येतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबातील मुलाचे नाव हजेरीपटावर राहते आणि मूल मात्र भट्टीवर असते. त्याची ‘गैरहजर’ ही नोंद मुलाचा दोष सांगते की व्यवस्थेचा?

या प्रश्नाचे उत्तर याच मातीत मिळते. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ यांच्या साथीने ते पुढे कोसबाडच्या टेकडीवर बहरले. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येऊ शकत नाहीत, हे पाहून त्यांनी शाळाच कुरणावर नेली. मुलाच्या अनुपस्थितीचे उत्तर शाळेने द्यावयाचे असते, हा उत्तरदायित्वाचा खरा अर्थ त्यांनी कृतीतून दाखवला.

निवासी शाळेवर ही जबाबदारी अधिक आहे. पालक आपले लेकरू महिनोन्‌महिने आपल्या स्वाधीन करतात; रोजचा अभ्यास त्यांच्या दृष्टीआड होतो. म्हणून प्रगतिपत्रक हाती देण्याबरोबरच ते पालकांच्या बोलीत समजावून सांगावे. पालकसभेच्या दिवशी मुलाने आईवडिलांजवळ बसून नवा उतारा वाचावा, एक हिशेब करून दाखवावा. त्याची चूक सर्वांसमोर न काढता ती शिक्षकाने पालकांना एकांतात सांगावी आणि पुढील सत्रात आपण स्वतः काय करणार, हेही सांगावे. दहावीच्या निकालफलकावर गुणवंतांची नावे झळकतात. त्याच अभिमानाने, किती मुले मध्येच शाळा सोडून गेली व का, हेही समाजापुढे ठेवावे. माजी विद्यार्थ्यांनी या सभांना येऊन हे प्रश्न विचारावेत. देणगीइतकेच त्यांचे हे योगदान मोलाचे ठरेल.

धम्माचा एक गुण ‘एहिपस्सिको’ म्हणून आपण नित्य वंदनेत उच्चारतो: या आणि स्वतः पाहा. शाळेनेही समाजाला असेच बोलवावे. ज्या दिवशी अंगठा उमटवणारी आई आपल्या मुलीचे वाचन ऐकून ‘येतंय हिला’ असे खात्रीने म्हणेल, त्या दिवशी आपले प्रगतिपत्रक खऱ्या अर्थाने घरी पोहोचले असे म्हणता येईल.