बर्फाचे मैदान राहील का?



आपल्याकडे बर्फ दिसतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. पण जगात काही गावे अशी आहेत की तिथे हिवाळ्यात अख्खे मैदान बर्फाचे होते. मुले पायांत स्केट घालून त्यावर घसरत खेळतात. स्केट म्हणजे तळाला पोलादी पाते बसवलेला बूट. या मैदानांबद्दल गुरुजींनी परिसर अभ्यासाच्या तासाला सांगितले. ते मी माझ्या शब्दांत लिहिते.

मैदान कसे करतात?

कॅनडा देश नकाशात अगदी वर, उत्तरेला आहे. तिथे हिवाळ्यात तापमान शून्य अंशाच्या खूप खाली जाते. शून्य अंशाला पाणी गोठते हे आपण शिकलोच आहोत. गावातले लोक शाळेजवळच्या किंवा बागेतल्या सपाट जागेवर रात्री नळीने पाणी मारतात. सगळे पाणी एकदम ओतत नाहीत. आधी पातळ थर मारतात. तो गोठला की दुसरा, मग तिसरा. पातळ थर लवकर थंड होतो. चहा बशीत ओतला की लवकर निवतो ना, तसेच!

वरून भुसभुशीत हिम पडले की ते फावड्याने काढावे लागते. मला वाटले होते, हिम पडले तर चांगलेच. पण हिम हे गोधडीसारखे असते. ते खालची ऊब बाहेर जाऊ देत नाही. मग खालचा बर्फ जाड होत नाही. गोळेवाला बर्फाची लादी गोणपाटात का गुंडाळतो ते मला इथे कळले. गोणपाट बाहेरची ऊब आत येऊ देत नाही.

हे काम गावकरी आळीपाळीने करतात. खेळायला तिकीट नसते. कुणीही यावे आणि खेळावे.

तीन ठिकाणांची गोष्ट

१) कॅनडाची राजधानी ओटावा. तिथे रिडो नावाचा कालवा आहे. १९७०-७१ च्या हिवाळ्यापासून त्याचा ७.८ किलोमीटरचा भाग लोकांना स्केटिंगसाठी खुला करतात. त्यासाठी बर्फ ३० सेंटिमीटर जाड लागतो. आपली फूटपट्टी उभी धरा, तेवढा! २०२२-२३ च्या हिवाळ्यात बर्फ पुरेसा जाड झालाच नाही. कालवा एकही दिवस उघडला नाही. असे पहिल्यांदाच घडले. पुढच्या हिवाळ्यात सगळे मिळून फक्त १० दिवस खेळायला मिळाले. २०२५ च्या जानेवारीत मात्र थंडी चांगली पडली आणि कालवा पुन्हा उघडला. म्हणजे दर वर्षी सारखे नसते.

२) नेदरलँड्स देश. तिथे अकरा शहरांना जोडणाऱ्या गोठलेल्या कालव्यांवरून सुमारे २०० किलोमीटरची शर्यत होते. बर्फ सगळीकडे १५ सेंटिमीटर जाड असेल तरच ती घेतात. १९०९ पासून ती फक्त १५ वेळा झाली. शेवटची ४ जानेवारी १९९७ ला झाली. मी तर नाहीच, माझी मोठी ताईसुद्धा तेव्हा जन्मली नव्हती.

३) आपल्या भारतात सिमला. तिथे १९२० पासून उघड्यावर नैसर्गिक बर्फाचे मैदान आहे. रात्री पाणी गोठवतात. सकाळी आणि संध्याकाळी खेळतात, कारण दुपारी ऊन लागते. तिथेही आकाश ढगाळ राहिले किंवा हवा उबदार झाली की खेळ बंद पडतो.

असे का होते?

कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळले की कार्बन डायऑक्साइड वायू हवेत जातो. तो उष्णता अडवून धरतो. म्हणून पृथ्वी हळूहळू तापते आहे. बर्फाला थोडासा फरकही पुरतो. शून्याच्या एक अंश खाली असेल तर बर्फ राहतो, एक अंश वर गेले तर पाणी होते.

मग उपाय काय?

एक उपाय आहे. सिमेंटच्या जमिनीत नळ्या बसवतात. त्यांतून खूप थंड केलेले खारे पाणी फिरवतात. खारे पाणी शून्य अंशाला गोठत नाही, म्हणून ते नळीत वाहत राहते आणि वरचा बर्फ टिकतो. टोरांटो शहरात अशी बरीच उघडी मैदाने आहेत. वरून छप्पर घातले तर ऊनपाऊसही लागत नाही.

मी हे घरी सांगितले तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, पण विजेचं बिल कोण भरणार?" मला बाबांचे खरे वाटते. मोठे शहर बिल भरील. लहान गावाला कसं जमणार? आणि तिकीट लावले तर ज्याच्याकडे पैसे त्यालाच खेळता येईल. शिवाय ती वीज कोळशावर केली तर धूर आणखी वाढेल. थंडी फुकट मिळत होती, म्हणून खेळ सगळ्यांचा होता. माझ्या मते मैदान वितळते तेव्हा हे सगळ्यांचे असणेच जाते.

मुलांनी काय करावे?

कॅनडात एका विद्यापीठाने २०१३ मध्ये एक काम सुरू केले. घराघरांतले लोक आपल्या मैदानावर आज खेळता आले की नाही, ते कळवतात. त्या नोंदींवरून हिवाळा कसा बदलतो ते कळते. लहान मुलेही अशी नोंद ठेवू शकतात.

आपल्या गावाला बर्फाचे मैदान नाही, पण पाझर तलाव आहे. तिथे आपण पोहायला शिकतो, गुरे पाणी पितात. तोही सगळ्यांचा आहे. तो कोणत्या तारखेला भरतो आणि कोणत्या तारखेला आटतो, हे आपण कुठेच लिहीत नाही. मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "वही करा, मी सही करीन." या वर्षापासून चौथीच्या वर्गाने वही सुरू करावी. आपण पाचवीत गेलो की ती पुढच्या चौथीला द्यावी. आजोबा-आजींना मागच्या वर्षांचे जे आठवते तेही त्यांनी सांगावे, आम्ही लिहून घेऊ.

करून पाहा : दोन सारख्या वाट्यांत बर्फाचा एकेक तुकडा ठेवा. एकीवर पांढरे फडके, दुसरीवर काळे फडके घाला. दोन्ही उन्हात ठेवा. कोणता आधी वितळतो?

सांगा पाहू :
१) पाणी पातळ थरांत का मारतात?
२) नळीत साधे पाणी का चालत नाही?
३) आपल्या गावात सगळ्यांच्या मालकीच्या गोष्टी कोणत्या? त्यांची काळजी कोण घेतो?

उत्तरे वर्गातल्या पेटीत टाका.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी