कापलेल्या जाळ्याचा पुरावा

व्हेल शार्क जाळ्यात अडकला की विचार करत बसायला वेळ नसतो. तांडेलाने हाक दिली, खलाशांनी सुऱ्या घेतल्या, जाळं कापलं आणि मासा मोकळा झाला. भरपाईचा अर्ज मात्र त्रुटी दाखवून परत आला. फोटोत शेपटी होती, कापलेलं जाळं नव्हतं. शिवाय नौका कागदोपत्री अजून वडिलांच्या नावावर आणि पासबुक माझं. वडील जाऊन वर्षं लोटली होती.

ही योजना डिसेंबर २०१८ची. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित प्राणी सोडवताना जाळं कापावं लागलं, तर महाराष्ट्र शासन जास्तीत जास्त २५,००० रुपये देतं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हे प्राणी मारणं किंवा विकणं गुन्हाच आहे. पण पूर्वी त्यांना सोडवण्याचा सगळा भुर्दंड नौकावाल्याच्या माथी यायचा. आताही पैसे मिळतात ते जाळ्याचे. फुकट गेलेल्या फेरीचं डिझेल आपलंच.

म्हणून तयारी किनाऱ्यावर करा. नारळी पौर्णिमेच्या आत नौकेची नोंदणी, मासेमारी परवाना आणि बँक खातं एकाच नावावर आहे ना, ते तपासा. नौकेची वारसनोंद राहिली असेल तर ती आधी.

समुद्रात एका खलाशाकडे काम एकच: मोबाइल. प्राणी आणि जाळं एकाच फोटोत, मग जाळं कापताना, मग प्राणी सुटून जाताना. शेवटी डेकवर पसरलेलं फाटकं जाळं आणि नौकेचा नोंदणी क्रमांक. लोकेशन चालू ठेवा. रेंज नसली तरी जीपीएस चालतं. मात्र फोटोसाठी जनावर क्षणभरही अडवून ठेवू नका.

सोडवण्याचीही रीत असते. व्हेल शार्कच्या शेपटीला दोर बांधून ओढू नका, त्याला इजा होते. कासव निपचित पडलं तर मेलं समजून पाण्यात टाकू नका. त्याला पोटावर ठेवा, मागची बाजू वीतभर उचला, म्हणजे छातीत गेलेलं पाणी बाहेर येतं. अंगावर ओलं फडकं घाला, नाकपुड्या मोकळ्या ठेवा. हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला आणून जाळ्यांपासून दूर सोडा.

बंदरात उतरलात की आधी अर्ज द्या, मग दुरुस्तीला बसा. सांधलेल्या जाळ्याचं नुकसान कोणाला दाखवणार?