फ्रँचायझी : निर्णयापूर्वीचा हिशेब

शिकवणी वर्ग, कुरिअर यांसारख्या सेवाव्यवसायांत फ्रँचायझी घेणाऱ्यास शुल्काच्या मोबदल्यात प्रस्थापित नाव व कार्यपद्धती वापरण्याचा हक्क मिळतो. मात्र रॉयल्टी बहुधा नफ्यावर नव्हे, तर उलाढालीवर आकारली जाते. समजा, मासिक उलाढाल २ लाख रुपये, अन्य खर्च १ लाख ९० हजार आणि रॉयल्टी ८ टक्के आहे. १० हजारांच्या शिलकीतून १६ हजार द्यावे लागून ६ हजारांचा तोटा होतो.

भारतात फ्रँचायझीसाठी स्वतंत्र कायदा नाही. मुख्यतः भारतीय करार कायदा, १८७२ लागू होतो. कराराच्या मुदतीत स्पर्धक व्यवसाय न करण्याची अट सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये गुजरात बॉटलिंग प्रकरणात सामान्यतः वैध मानली. म्हणून चालू केंद्रचालकांकडून खर्च पडताळून आणि करारातून बाहेर पडण्याच्या अटी तपासूनच स्वाक्षरी करावी.